‘नाही’ कोण म्हणतंय?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या खोकेवजा दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘‘दादा, चार्जच होत नाहीये.’’ गिऱ्हाइकाने निदान घरूनच करून आणलेलं असतं. बॅटरी गेली. काउंटरमागचा मोबाइलवाला मात्र बॅटरीचा विषयही काढत नाही. तो फोन उलटा धरतो, खालच्या पोर्टात टॉर्च मारतो, एक बारीक काडी आत घालून अलगद फिरवतो आणि राखाडी रंगाचा, ठासून ठासून घोंगडीच्या तुकड्यासारखा झालेला बोळा बाहेर काढतो. जीन्सच्या खिशातला कापूस! केबल लावल्याबरोबर फोन ‘टिंग’ करतो, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा ओशाळलेपणच जास्त दिसतं.

हा बोळा एका दिवसात तयार होत नाही. खिशातले धागे आणि धूळ पोर्टात शिरतात, आणि केबल लावणारा हातच ते रोज थोडं थोडं आत ढकलतो. काही महिन्यांत तळाशी इतकी घट्ट गादी बसते की प्लग शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर आत जातच नाही. अशा वेळी केबल लावताना ‘टक्’ असं जाणवत नाही, प्लग सैल लोंबतो, फोन जरा कलला की चार्जिंग जातं आणि पुन्हा येतं. बॅटरी बदलून, चार्जर बदलून, शेवटी कुणीतरी टॉर्च मारून पाहावं आणि कापूस निघावा, याला आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी म्हणतात.

कापूस काढायला घरातली पहिली हाती लागणारी वस्तू म्हणजे टाचणी, आणि नेमकी तीच वापरू नये. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ असे २४ संपर्कबिंदू असतात, एकमेकांपासून अवघ्या अर्ध्या मिलिमीटरवर. टाचणीने त्यांचा मुलामा खरवडला जातो, शेजारचे दोन बिंदू जोडले जाऊन शॉर्ट होऊ शकतं, आणि जीभच मोडली तर पोर्ट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. फोन बंद करून, लाकडी टूथपिक सपाट तासून, भिंतीच्या कडेकडेने फिरवली की काम होतं.

पण प्रत्येक वेळी कापूस निघत नाही. तिथून पुढे खरी गंमत सुरू होते.

फोन चार्ज करणं म्हणजे नळाखाली बादली लावणं, अशी सर्वसाधारण समजूत असते. नळ चालू आहे, बादली रिकामी आहे, मग पाणी का पडत नाही? प्रत्यक्षात हा प्रकार लग्नाच्या बैठकीच्या जास्त जवळचा आहे. अॅडॉप्टर, केबल, पोर्ट, फोनमधली चार्जिंग आयसी आणि बॅटरी यांच्यात आधी बोलणी होतात. कोण किती देणार, कोण किती घेणार, याच्या याद्या ठरल्याशिवाय वीज मोकळेपणाने वाहत नाही. यातल्या कुणीही एकाने नकार दिला की फोन ढिम्म राहतो. त्यामुळे ‘वीज का येत नाही’ यापेक्षा ‘नाही कोण म्हणतंय’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो.

या बैठकीतल्या पहिल्या मंडळींचं नावच चुकीचं आहे. भिंतीत खोचतो त्या ठोकळ्याला सगळे चार्जर म्हणतात, पण तो बॅटरी चार्ज करतच नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं तो ५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, एवढंच. जलद चार्जिंगवाला असेल तर ९ किंवा त्याहून जास्त व्होल्ट देऊ शकतो, तेही फोनने मागितले तरच. बॅटरीत किती करंट सोडायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारा खरा चार्जर फोनच्या आत असतो, नखाएवढी जागाही न व्यापणारी एक आयसी.

ठोकळा तपासण्याची रीत सोपी: त्याच केबलने त्याच ठोकळ्यावर दुसरा फोन लावून पाहायचा. मात्र ठोकळ्याच्याही आधी सॉकेट येतं, आणि तिथे माणसं गंमतशीर फसतात. रेल्वेच्या अनेक डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणून तिथली वीज ‘कमजोर’ आहे असं मानलं जातं. ठोकळ्यावर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल, तर त्याला ११०चं वावडं नसतं. रात्री साडेअकराला डब्यातल्या सगळ्यांचेच फोन एकदम बिघडले असतील तर कारण वेगळं. आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात हे पॉइंट बंद ठेवण्याचे आदेश रेल्वेने काढलेले आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या ठोकळ्यावर ‘आयएस १३२५२’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या अॅपवर पडताळता येतो. फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या ठोकळ्यावर तो नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर बोलणी मोडण्याचं कारण तिथेच सापडण्याची शक्यता दाट.

आता केबल. चार्जिंगच्या तक्रारींत सगळ्यात बेरकी पात्र हेच, कारण ती बाहेरून धडधाकट दिसते.

तांब्याची तार जितकी बारीक, तितका तिचा रोध जास्त. स्वस्त केबलमध्ये सर्रास दिसणारी २८ गेजची तार घेतली, तर एक मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध होतो. वीज जाते एका तारेतून आणि परतते दुसरीतून, म्हणजे एकूण ०.४२. त्यातून २ अँपिअर करंट वाहिला तर वाटेतच जवळजवळ ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात. ठोकळ्यातून निघालेले ५ व्होल्ट फोनपाशी ४.१५ होऊन पोहोचतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाबच ४.२ ते ४.४ व्होल्ट असतो, तेव्हा एवढ्या दाबाने तिच्यात काय भरणार? फोन व्होल्टेज कोसळताना पाहतो आणि मुकाट्याने आपली मागणी कमी करतो. पडद्यावर चार्जिंगची वीज चमकत राहते, टक्का मात्र मुंगीच्या पावलाने चढतो. तीच केबल दोन मीटरची असेल तर नुकसान दुप्पट. एक मीटरच्याच केबलमध्ये २४ गेजची जाड तार असेल तर ते सुमारे ०.३४ व्होल्टवर येतं. पलंगापर्यंत पोहोचणारी लांब, बारीक, रंगीत केबल आणि ‘हल्ली फोन फार हळू चार्ज होतो’ ही तक्रार यांचं नातं इथे आहे.

टाइप-सी आल्यावर केबलचा आणखी एक स्वभाव उघड झाला: ती खोटंही बोलू शकते. २०१४मध्ये जाहीर झालेल्या या जोडणीत ‘सीसी’ नावाचे दोन खास संपर्कबिंदू आहेत. बैठकीतलं सगळं बोलणं त्यांच्यावरून चालतं. फोनच्या बाजूला या प्रत्येक बिंदूवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो दिसला की समोरच्याला कळतं, इथे कुणीतरी वीज मागायला आलं आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर तर ही ओळख पटेपर्यंत ठोकळा ५ व्होल्टसुद्धा सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीतून येणाऱ्या केबलमध्ये मात्र ५६ किलोओहमचा रेझिस्टर प्लगमध्येच बसवलेला असावा लागतो. त्याचा अर्थ, ‘समोर जुनं, गरीब पोर्ट आहे, बेताने घे.’ तिथे १० किलोओहमचा बसवला तर निरोप बदलतो: ‘घे बिनधास्त ३ अँपिअर.’

हे फक्त कागदावरचं भय नव्हतं. गूगलमधले अभियंता बेन्सन लियुंग यांनी २०१५च्या नोव्हेंबरपासून अॅमेझॉनवर मिळणाऱ्या टाइप-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. बऱ्याच केबलींत त्यांना चुकीचा रेझिस्टर आढळला. २०१६च्या फेब्रुवारीत त्यांच्या हाती आलेल्या एका केबलने तर कहर केला. तिच्यात वीज आणणारी तार आणि जमिनीची तार यांची अदलाबदल झालेली होती. त्या एका जोडणीत त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणं जायबंदी झाली. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉनने नियमबाह्य टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

उलटाही दाखला आहे. २०१९च्या जूनमध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही सीसी बिंदूंना मिळून एकच रेझिस्टर दिलेला होता. साध्या केबलवर तो व्यवस्थित चाले. महागड्या, आत ओळखचिप असलेल्या केबलवर मात्र ठोकळा त्याला हेडफोनचा अॅडॉप्टर समजे आणि वीजच देत नसे. भारी केबलवर बंद, स्वस्त केबलवर चालू! काही पैशांचा एक रेझिस्टर वाचवल्याचा हा परिणाम. दोष कबूल झाला आणि पुढच्या आवृत्तीत सुधारला गेला. स्वस्तातले ट्रिमर, टॉर्च आणि ब्लूटूथ स्पीकर जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर चार्ज होतात आणि सी-टू-सी केबलवर मख्ख बसतात, त्यामागेही बहुधा हेच कारण असतं: ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. भोक सारखं झालं, म्हणजे भाषा सारखी झाली असं नव्हे.

टाइप-सीच्या या रचनेतून घरच्या घरी करता येणारी एक झकास तपासणी मिळते. प्लग एकदा लावून पाहावा, मग उलटा करून लावावा. केबलमध्ये सीसीची तार एकच असते. प्लग सुलटा असेल तर ती फोनच्या एका सीसी बिंदूला भिडते, उलटा असेल तर दुसऱ्या. एका बाजूने चार्जिंग होतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, तेही दोन वेगवेगळ्या केबलींवर, असं असेल तर ठोकळा, बॅटरी, सॉफ्टवेअर सगळे निर्दोष. पोर्टाच्या जिभेची एक बाजू मळली, गंजली किंवा झिजली आहे.

फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर निदान आणखी सोपं होतं. चकतीवर ठेवल्यावर फोन चार्ज होतो आणि केबलवर नाही, म्हणजे बॅटरी ठीक आहे, भांडण पोर्ट आणि त्याच्यामागच्या पट्टीपाशी आहे.

दुकानात यापुढचं काम यूएसबी मीटर करतो. काही शे रुपयांना मिळणारी ही डबी ठोकळा आणि केबल यांच्यामध्ये बसते आणि व्होल्ट-अँपिअर दाखवते. अर्धवट रिकाम्या बॅटरीचा फोन साध्या ठोकळ्यावर दीड-दोन अँपिअर ओढत असेल तर सगळं ठीक. ५ व्होल्ट दिसताहेत आणि करंट ठार शून्य, तर एक तर जोडणी तुटली आहे किंवा फोन घ्यायलाच तयार नाही. अर्ध्या अँपिअरवर आकडा गोठून बसला तर मोबाइलवाल्याचं लक्ष डेटाच्या दोन तारांकडे जातं. साधा ठोकळा या दोन तारा आतून एकमेकींना जोडून ठेवतो. फोनसाठी ती खूण असते की समोर भिंतीतला ठोकळा आहे. तार तुटली असेल तर खूण पटत नाही, फोन समजतो की आपण संगणकाला जोडले गेलो आहोत, आणि शिष्टाचार म्हणून ५०० मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही.

५ व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट. उन्हात पडद्याचा उजेड पूर्ण चढवून, नकाशा चालू ठेवून दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याचा फोन तेवढे वॅट सहज खातो. दुचाकीवरच्या सॉकेटला फोन लावलेला, चार्जिंगची खूण चमकतेय, आणि संध्याकाळी टक्का सकाळपेक्षा कमी! दुरुस्तीच्या बाजारात चार्जिंग दिसतं पण चढत नाही, याला ‘फेक चार्जिंग’ म्हणतात. फरक करायला एकच उपाय: फोन बंद करून अर्धा तास लावून ठेवावा. बंद फोनचा टक्का चढला, तर फोन खोटं बोलत नव्हता, मिळकतीपेक्षा खर्च जास्त होता.

बॅटरीचा नंबर एवढ्या उशिरा लागतो. तिच्याही नकाराला कारणं असतात, आणि बहुतेक वेळा ती आपल्या भल्याचीच निघतात. कपाटात सहा महिने पडून राहिलेला फोन चार्जरला लावताच जिवंत होत नाही. बॅटरी फार खोल उतरली असेल तर चार्जिंग आयसी आधी अगदी थेंबाथेंबाने करंट सोडते. पडदा उजळण्याइतका दाब यायला पाव ते अर्धा तास लागतो आणि तोवर माणूस फोन मेला म्हणून मोकळा होतो. दाब फारच खाली गेला आणि बराच काळ तसाच राहिला तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका संभवतो. बॅटरीला चिकटवलेलं चिमुकलं संरक्षक सर्किट त्याआधीच दार लावून घेतं, ते यासाठी. बाहेरून झटका देऊन अशी बॅटरी ‘बूस्ट’ करण्याचा प्रकार बाजारात चालतो. नवी बॅटरी त्यापेक्षा स्वस्त पडते. पडदा किंवा मागचं झाकण उचललं गेलं असेल, बॅटरी पोळीसारखी फुगली असेल, तर निदान संपलं. तो फोन चार्जरला लावू नये, दाबून झाकण बसवू तर मुळीच नये.

तापमानाचा नकार उन्हाळ्यात विदर्भात घरोघरी अनुभवायला मिळतो. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की फोन करंट कमी करतो किंवा बंद करतो. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी तापते, मग गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा दाखवणाऱ्या फोनची काय कथा! शून्याखालीही असंच होतं, कारण थंडीत चार्ज केल्यास लिथियमचे अणू ऋणाग्रात मुरण्याऐवजी त्याच्यावर धातूचा थर होऊन बसतात. हिमालयात ट्रेकला गेलेली मंडळी रात्री फोन स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपतात, त्याला शास्त्राचा आधार आहे.

हे तापमान फोनला कळतं एका थर्मिस्टरवरून. थंडी वाढली की त्याचा रोध वाढतो. आता समजा, नवी स्वस्त बॅटरी टाकताना या थर्मिस्टरची जोडणी नीट बसली नाही. तुटलेल्या तारेचा रोध अनंत असतो. फोन त्याचा अर्थ भयंकर थंडी असा लावतो आणि नागपूरच्या भर मे महिन्यात चार्जिंगला नकार देतो, सियाचीनला असल्यासारखा.

काही नकार तर मालकानेच देऊन ठेवलेले असतात. आयफोनमध्ये २०२३च्या आयफोन १५पासून, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही, बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आली. घरातल्या भाच्याने ती चालू करून दिली, मामांना सांगायचं राहिलं, आणि मामा ‘८०च्या पुढे जातच नाही’ म्हणत दुकानात हजर. प्रामाणिक मोबाइलवाला सेटिंग बदलून हसत परत पाठवतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने पाण्याचे. ओल्या पोर्टाला केबल लावली की ५ व्होल्टचा बिंदू आणि शेजारचा बिंदू यांच्यामध्ये, खारट थेंबातून, विद्युत-विघटन सुरू होतं. मुलामा जातो, खालचं तांबं हिरवं पडतं. म्हणून हल्लीचे फोन पोर्टातली ओल ओळखून थेंबाचं चिन्ह दाखवतात आणि चार्जिंग थांबवतात. अशा वेळी फोन पोर्ट खाली करून हलकेच आपटावा आणि वाऱ्याला ठेवावा. किमान अर्धा तास थांबा, पूर्ण कोरडं व्हायला एक दिवसही लागू शकतो, असं अॅपल सांगते. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा घरगुती उपाय करू नका, बारीक कण आत जातात, असंही कंपनीच्या सूचनेत असल्याची बातमी २०२४मध्ये जगभर गाजली. कोरड्या फोनवरही थेंबाचं चिन्ह हटत नसेल, तर पोर्टात साचलेले क्षार वीज वाहून नेत असतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढावे लागतात.

एवढं सगळं करूनही मीटर शून्यावर असेल तर फोन उघडला जातो. पहिला बळी खालची छोटी पट्टी, बाजारात जिला सीसी बोर्ड म्हणतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट याच वेगळ्या पट्टीवर असतं, त्यामुळे मुख्य बोर्डाला हात न लावता ती बदलता येते. तिनेही भागलं नाही तर बॅटरी काढून मुख्य बोर्ड टेबलावरच्या डीसी सप्लायला जोडतात. अजून पॉवरचं बटण दाबलेलं नाही, म्हणजे करंट शून्याच्या जवळ असायला हवा. काटा बटण न दाबताच वर गेला, तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे.

पण शेकडो सूक्ष्म भागांपैकी कुठला? ज्याच्याकडे थर्मल कॅमेरा नाही, तो मोबाइलवाला राळ काढतो. गरम सोल्डरिंगच्या टोकावर राळेचा खडा टेकवला की पांढरा धूर निघतो, तो बोर्डावर धरायचा. सगळ्या आयसी, सगळे कॅपॅसिटर पिठी भुरभुरल्यासारखे पांढरे होतात. मग बोर्डाला पुन्हा वीज द्यायची. सगळीकडे पांढरं आणि एका ठिकाणी, मोहरीपेक्षाही लहान कॅपॅसिटरवर, राळ वितळून लख्ख काळा ठिपका दिसतो. हॉट एअरने तो कॅपॅसिटर उचलला जातो आणि काटा शून्यावर येतो. चार्जिंगच्या त्याच रेषेवर तसेच आणखी तीन-चार कॅपॅसिटर असतात, त्यामुळे नवा बसवेपर्यंत त्याच्यावाचून काही अडत नाही. बॅटरी जोडून केबल लावली जाते. मीटरवर आधी ०.१ दिसतो, मग ०.५, थोडं थांबून १.६.